ओळखीचे शब्दच दगा देतात

चि. भाषांतरकारास,
अनेक आशीर्वाद.

एका बाईनं बहिणीला लिहिलेल्या जुन्या इंग्रजी पत्रांच्या भाषांतराची तुझी बारा पानं परवा मिळाली. दोनदा वाचली. 'सेनाइट' म्हणजे सात रात्री, म्हणजेच आठवडा, हे तू बरोबर शोधून काढलंस. 'फोर्टनाइट'चा तो धाकटा भाऊ. 'बिट्विक्स्ट'नंही, म्हणजे जुन्या 'बिट्वीन'नंही, तुला अडवलं नाही. पाय घसरला तो साध्या 'डिस्कव्हर'वर. 'शी डिस्कव्हर्ड हर माइंड टू हर सिस्टर' याचं तू केलंस, 'तिला बहिणीजवळ आपलं मन सापडलं.' अरे, अठराव्या शतकातल्या त्या बाईच्या लेखी डिस्कव्हर म्हणजे झाकण काढणं, उघड करणं. बिचारीनं बहिणीपाशी मन मोकळं केलं, एवढंच.

अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी कोण उठतंय? आणि तोच केसानं गळा कापतो.

माझाही कापला आहे. उमेदवारीच्या काळात एका इंग्रज अधिकाऱ्याबद्दलचा जुना मजकूर मराठीत करत होतो. लिहिणाऱ्यानं साहेबाच्या 'कंडिसेन्शन'ची फार वाखाणणी केली होती. मी आजचा अर्थ घेतला आणि साहेब लोकांना तुच्छ लेखतो, असं ठोकून दिलं. पुढच्याच वाक्यात लोक त्याच्यावर जीव टाकतात, असं होतं. ते खटकलं होतं मला, तरी पुढे गेलो. छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं : 'साहेबाचं कौतुक चाललंय हो, तुम्ही त्याला शिव्या का घालताय?' तेव्हा मोठ्या माणसानं मोठेपणा बाजूला ठेवून खालच्यांत मिसळणं म्हणजे कंडिसेन्शन. तो गुण होता. जॉन्सनच्या 1755च्या कोशात तसंच दिलेलं आहे. मी तो पाहिला पोस्टकार्ड आल्यावर.

म्हणून वाक्य जरासं जरी अडखळलं, तरी आधी त्यातल्या सगळ्यात सोप्या शब्दावर संशय घे.

तुझा पासपोर्ट काढ. राष्ट्रपतींच्या नावानं त्यात विनंती छापलेली असते की, या व्यक्तीला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. हा 'लेट' म्हणजे 'होऊ देणं' असतं, तर वाक्याचा अर्थच उलटा झाला असता. हा दुसरा लेट, अडवणूक या अर्थाचा. शेक्सपिअरचा हॅम्लेट भुताच्या मागे निघतो तेव्हा मित्र त्याला धरून ठेवतात. जो मला 'लेट' करील त्याचंच भूत करीन, असं तो त्यांना दरडावतो. टेनिसमध्ये सर्व्ह जाळीला घासून पलीकडे पडली की पंच 'लेट' म्हणतो, तोही हाच.

1611च्या इंग्रजी बायबलमध्ये देव माणसाला वनस्पती आणि फळं देतो आणि ती तुम्हाला 'मीट' होतील, असं सांगतो. मीट म्हणजे कुठलंही अन्न. मिठाईला 'स्वीटमीट' म्हणतात, त्यात हा अर्थ अजून जिवंत आहे. 'क्विक' म्हणजे सजीव. नख जरा खोल कापलं गेलं की आपण जिव्हाळी लागली म्हणतो, आणि इंग्रजीत नखाखालच्या त्याच जागेला क्विक म्हणतात. दोन्हीकडे जीवच.

सातव्या पानावर 'दाउ'साठी तू 'आपण' वापरलं आहेस. देवाला दाउ म्हणतात म्हणून तो आदरार्थी, असा समज झाला असेल. पण आपणही विठ्ठलाला तूच म्हणतो की! दाउ म्हणजे निव्वळ तू : जवळच्याला, मुलाबाळांना, नोकराला, नाहीतर भांडणात. 1603मध्ये दर्यावर्दी वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं भर न्यायालयात त्याला 'दाउ' म्हटलं, आणि तसं म्हणतोय हे बजावलंही. इंग्रजीत त्यासाठी 'टू दाउ' असं क्रियापदच होतं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : अरेतुरे करणं.

याचं फार नवल वाटून घेऊ नकोस. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती. 'अनुराग'मध्ये तो तसाच राहिला आणि मराठीत संतापला. शिक्षा म्हणजे शिकवण. हिंदीत अजून तीच, आपल्याकडे तिच्या हाती छडी आली. मला सगळ्यात आवडते ती जोडी मृग आणि 'डिअर'ची. मृग म्हणजे मुळात कुठलाही रानटी पशू. म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. पुढे तो आकसून हरणापुरता उरला. डिअरचंही अगदी तेच झालं. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदीर-घुशींनाही 'स्मॉल डिअर' म्हटलं आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली.

कोशांचं म्हणशील तर ऑक्सफर्डचा मोठा कोश वापर. 1884 ते 1928 अशी चव्वेचाळीस वर्षं तो भागाभागानं निघाला. प्रत्येक अर्थाखाली कोणत्या साली कुणी तो वापरला याची उदाहरणं दिलेली असतात. तुझ्या पत्राचं साल बघायचं आणि त्या सालाजवळचा अर्थ आधी लावून पाहायचा. आणि जुन्या मराठीसाठी तू मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतोस, ते चांगलंच. फक्त त्याची दुसरी आवृत्ती 1857ची आहे हे ध्यानात ठेव. तिथलं इंग्रजीही तेवढंच जुनं आहे. मराठी शब्द तपासताना आपण ते आजचं समजून वाचतो.

एक विनंती. अर्थ जुना निघाला म्हणून त्याला बखरीचा अंगरखा चढवू नकोस. 'जाहले', 'करते झाले' हे सगळं काढून टाक. ती बाई बहिणीला रोजच्या बोलीत लिहीत होती.

पानं परत पाठवतोय, पेन्सिलीच्या खुणांसह. नवव्या पानावर मात्र मी खूण केलेली नाही. तिथे तिच्या दिराबद्दल 'ही इज टू नाइस इन हिज फूड' असं आहे, आणि तू 'जेवणाच्या बाबतीत तो फार छान आहे' असं लिहिलं आहेस. काय चुकलं ते शोध आणि रविवारपर्यंत कळव.

तुझा,
काका