स्थळ सॅन होजेचं, कागद कुठल्या काउंटीत?

कोर्टाची पायरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्या मुलीसाठी कॅलिफोर्नियातलं स्थळ सांगून आलंय. मुलगा राहायला फ्रीमाँटला, नोकरी सॅन होजेला. पहिलं लग्न नाशिकला झालं होतं आणि घटस्फोट ‘तिकडेच, कॅलिफोर्नियात झाला’ असं मध्यस्थ सांगतात. कागद मागितले तर ‘सगळं ऑनलाइन असतं, बघून घ्या’ म्हणाले. भाच्याने एका वेबसाइटवर पैसे भरले, तर त्याच नावाच्या ढीगभर माणसांचे पत्ते आणि फोन नंबर आले. घटस्फोटाचा कुठे पत्ता नाही. मुलाला थेट विचारलं तर स्थळ हातचं जाईल का? — एक आई, कोथरूड

उत्तर : शेवटचं आधी घेते. खुशाल विचारा. ज्याचा घटस्फोट रीतसर झालाय, त्याच्याकडे निकालाची प्रत असतेच. उद्या तुमच्या मुलीच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करताना आधीचं लग्न संपल्याचा पुरावा त्याला जोडावाच लागेल. आज जो प्रत दाखवायला का-कू करतो, तो तेव्हा काय जोडणार आहे?

आता ‘ऑनलाइन असतं’ या वाक्याबद्दल. मी सॅन होजेत वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, होते, आणि हे वाक्य मी कंटाळा येईपर्यंत ऐकलंय. भाच्याने पैसे भरले ती वेबसाइट कोर्टाची नव्हेच. असे लोक इकडून तिकडून माहिती गोळा करून विकतात. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं स्वतःचं सुपिरिअर कोर्ट, स्वतःची वेबसाइट, स्वतःचं दप्तर. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. साताऱ्याचा दावा सांगलीच्या कोर्टात सापडत नाही, तसंच हे. राज्याच्या आरोग्य खात्याकडे घटस्फोटांची सूची आहे, पण ती १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाची. तुमच्या कामाची नाही.

तेव्हा आधी काउंटी ठरवा. फ्रीमाँट आणि सॅन होजे अगदी लागून आहेत, पण फ्रीमाँट अलामेडा काउंटीत येतं आणि सॅन होजे सांता क्लारात. घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी नवरा-बायकोपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तो आज कुठे राहतो याला फार अर्थ नाही. अर्ज झाला तेव्हा तो कुठे होता, आणि बायको कुठे होती, ते विचारा. ती सांता क्लारातल्या सनीवेलला मैत्रिणीकडे राहायला गेली असेल आणि तिनेच अर्ज केला असेल, तर कागद सांता क्लारात.

मग त्या कोर्टाच्या वेबसाइटवर नावाने शोधा. आडनाव आधी. दोघांचीही नावं टाकून बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, तिकडे ते कधी येतं, कधी गळतं, कधी आडनावालाच चिकटतं. स्पेलिंगं बदलून पाहा. जन्मतारीख टाकून यादी गाळता येत नाही. २०२१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या प्रकरणात अपील कोर्टाने ती सोय नियमात बसत नाही असं ठरवलं. त्यामुळे एकाच नावाचे तिघं निघाले तर जोडीदाराच्या नावावरूनच माणूस ओळखायचा.

शोध लागला तर केस क्रमांक मिळेल, दाखल झाल्याची तारीख मिळेल, काय काय दाखल झालं त्याची यादी मिळेल. कागद उघडणार नाहीत. राज्याचा नियमच असा आहे की कौटुंबिक खटल्यांचे कागद घरबसल्या दाखवायचे नाहीत. कोर्टात जाऊन मात्र कोणीही बघू शकतो. तिकडे कोणी नातेवाईक असेल तर त्याला पाठवा. सांता क्लाराचं फॅमिली जस्टिस सेंटर सॅन होजेत नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर आहे, दारासमोरून लाइट रेल जाते. अलामेडाचे कौटुंबिक खटले हेवर्डला चालतात. खिडकीवर केस क्रमांक सांगायचा. तुम्ही कोण, कशाला हवंय, असं विचारायचा त्यांना अधिकार नाही. केस क्रमांक नसेल आणि शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर १५ डॉलर शोधशुल्क. साधी प्रत पानाला ५० सेंट.

मागायचा कागद एकच : एफएल-१८०, म्हणजे निकालाचा छापील फॉर्म. त्यात दोन जागा नीट बघायच्या. एक, वैवाहिक नातं कोणत्या तारखेला संपलं. समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते संपूच शकत नाही, तेव्हा ‘जानेवारीत अर्ज, एप्रिलमध्ये मोकळा’ असं कोणी म्हणालं तर उठून या. अर्ज म्हणजे एफएल-१००. मध्यस्थ लोक बरेचदा तोच दाखवून ‘झालाय घटस्फोट’ म्हणतात.

दुसरी जागा त्याच फॉर्मवर वरच्या बाजूला आहे. खटला ‘डिफॉल्ट (म्हणजे दुसऱ्या बाजूने उत्तरच दिलं नाही) किंवा बिनविरोध’ चालला की लढवला गेला, अशा चौकटी असतात. यावर मी एवढी अडून का बसते ते सांगते. लग्न नाशिकला झालंय, बहुधा हिंदू विवाह कायद्याखाली. कॅलिफोर्नियात ‘पटत नाही’ एवढ्यावर घटस्फोट मिळतो, आपल्या कायद्यात ते कारण नाही. १९९१ मध्ये वाय. नरसिंहराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असाच अमेरिकन घटस्फोट मानला नाही. तोही एका काउंटी कोर्टाचाच होता, मिसूरीतल्या सेंट लुईस काउंटीचा. पत्नीने तिथल्या कोर्टात स्वतःहून भाग घेऊन संमती दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘डिफॉल्ट’वर फुली असेल, तर पहिल्या बायकोची सही असलेला करार फाइलमध्ये आहे का ते नातेवाइकाला बघायला सांगा. ती नाशिकला परत येऊन गप्प बसली असेल, तर तुमचा जावई अमेरिकेत मोकळा आणि भारतात अजून विवाहित, असं होऊ शकतं. हा फॉर्म घेऊन पुण्यातल्या कौटुंबिक वकिलाकडे जा. जाताना प्रमाणित प्रत न्या. घटस्फोटाच्या निकालाची ती १५ डॉलरला मिळते. परदेशी डिक्रीची नुसती झेरॉक्स पुरत नाही, हेही त्याच १९९१ च्या निकालात आहे.

आणि हो, पहिल्या बायकोने इकडे काही दाखल केलंय का, ते आपल्या कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर नाशिकच्या नोंदींत बघून घ्या. ते फुकट आहे.

प्रश्न : सिस्को कंपनीवरच्या जातिभेदाच्या खटल्याबद्दल अभ्यासमंडळात बोलायचं आहे. बातम्या नकोत, मूळ कागद वाचायचे आहेत. नागपूरहून ते शक्य आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : शक्य आहे, आणि बातम्या बाजूला ठेवल्यात ते छान केलंत. हा दिवाणी खटला, त्यामुळे वरच्या आईंना आलेली अडचण तुम्हाला नाही. गोंधळ दुसराच आहे. नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने ३० जून २०२० ला दावा आधी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात लावला, मग तो मागे घेऊन ऑक्टोबरमध्ये सांता क्लारा काउंटीत लावला. म्हणून अर्धे लोक चुकीच्या दप्तरात शोधतात. काउंटीच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकू नका, यादी संपता संपणार नाही. क्रमांकच टाका : २०सीव्ही३७२३६६. पहिले दोन आकडे वर्षाचे, ‘सीव्ही’ म्हणजे दिवाणी. खात्याचं नाव २०२२ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर वादी वेगळा दिसेल, गडबडू नका.

फेडरल कागद पेसर या वेबसाइटवर. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. जपून वाचलंत तर काहीच लागणार नाही.

फिर्याद वाचताना ती एका बाजूचं म्हणणं आहे, हे मंडळात आधी सांगा. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने भेदभावाचा आरोप असलेल्या दोन इंजिनिअरांवरचा दावा स्वतःहून काढून घेतला, कंपनीवरचा ठेवला. आणि अपील कोर्टाचा ऑगस्ट २०२२ चा निकाल चुकवू नका. तक्रारदार कर्मचाऱ्याने ‘जॉन डो’ म्हणून, म्हणजे खरं नाव झाकून, राहावं का, असा प्रश्न होता. भारतातल्या त्याच्या कुटुंबाला होऊ शकणारा त्रास विचारात घ्यायचा की नाही, यावर त्यात चर्चा आहे. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये वाचण्यासारखं ते हेच.

प्रश्न : सनीवेलला घरमालकाने माझ्यावर घर रिकामं करण्याचा दावा लावलाय. पुढचा प्रत्येक घरमालक हे बघणार का? — भाडेकरू

उत्तर : लगेच नाही. कॅलिफोर्नियात अशी फाइल पहिले ६० दिवस झाकलेली असते, आणि तेवढ्यात मालक जिंकला नाही तर झाकलेलीच राहते. त्यामुळे उत्तर मुदतीत दाखल करणं सगळ्यात महत्त्वाचं. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ५ ऐवजी कोर्टाच्या कामकाजाचे १० दिवस मिळतात. समन्स हातात पडलं ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि उद्याच कोर्टाच्या सेल्फ-हेल्प केंद्रात, म्हणजे वकील नसलेल्यांच्या मदत केंद्रात, जा.