नानांचा परिपाठ

"मोबाइलवर आलेलं सगळं वडीलधाऱ्यांना खरं वाटतं. खोटं आहे म्हटलं की चिडतात. काय करायचं?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. अशा वेळी मला नाना आठवतात. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्यांची हकिकत सांगते.

सप्टेंबर 2022. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा पुन्हा पसरल्या होत्या. जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या साधूंना याच संशयावरून मारहाण झाली, ती त्याच दिवसांत. नाना जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चौथीतल्या नातीचं खाली खेळणं बंद केलं आणि घरच्या ग्रुपवर रोज नवा व्हिडिओ टाकू लागले. एके दिवशी मुलानं तिथंच, सगळ्यांदेखत लिहिलं, "नाना, हे खोटं आहे. पाठवत जाऊ नका." नाना ग्रुपमधून बाहेर पडले आणि घरात अबोला सुरू झाला. शेवटी सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

मी मोबाइलचा विषयच काढला नाही. शाळेबद्दल विचारलं. परिपाठात बातम्या ते स्वतः वाचायचे, आदल्या दिवशीच कात्रणं काढून ठेवायचे. सांगता सांगता थांबले. "आता माझ्याकडून बातमी कोणाला हवीय?"

मला वाटतं, सगळी गाठ इथं होती. फॉरवर्ड पाठवणं हा त्यांचा घरच्यांना जपण्याचा उरलेला एकच मार्ग होता आणि मुलानं नेमकं त्यावरच चारचौघांत बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी राईनपाड्याबद्दल बोलले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावात जमावानं पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेसाठी फिरणारे. मारणाऱ्यांच्या डोक्यातही लेकरांचीच काळजी होती. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटातून कापलेली होती. मुलाला परत आणून सोडतात, तेवढा शेवट उडवलेला.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सगळंच खोटं. पेपरसुद्धा. 2009च्या निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याच की."

हे जास्त अवघड होतं. सगळ्यावर विश्वास ठेवणारा माणूस दुखावला की कशावरच ठेवत नाही, आणि मग त्याला कोणीही काहीही सांगू शकतं. शिवाय नानांचं म्हणणं खरं होतं. ते मी मान्य केलं. एवढंच म्हटलं, "सर, ते उघडकीला आणलं तेही पत्रकारांनीच. पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं, ते पेपरातच छापून आलं."

त्यावर नानांमधला शिक्षक जागा झाला. "उत्तरपत्रिकेवर नाव असलं तर चूक कोणाची ते कळतं. या फॉरवर्डांवर नावच नसतं."

मुलाला मी वेगळं बोलावलं. ग्रुपवर चूक काढायची नाही, नानांजवळ बसायचं आणि विचारायचं, "हे बघून कशाची भीती वाटली?" त्यानं आधी माफी मागितली, हे मी सुचवलं नव्हतं. नानांना काम दिलं: रोज जेवताना एक बातमी वाचायची, कोणी दिली, कुठली, कधीची, हे सांगून. प्रश्न नात विचारणार.

घरगुती उपायांचे मेसेज नाना अजून पाठवतात. सून म्हणाली, त्यावर अधूनमधून वाद होतोच. पण नात संध्याकाळी खाली खेळायला जाते. नाना जिन्याच्या पायरीवर पेपर घेऊन बसतात, उद्याची बातमी निवडत.