घाम दोघांनाही सुटू दे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, पिशवीतून तुझ्या भयकथेच्या संहितेची दोन बाडे काढलीस आणि "काका, यातले खरे कोणते ते तुम्हीच सांगा" एवढे बोलून गप्प बसलीस. मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण बोललो असतो तर आवाज चढला असता आणि तुझ्या काकूने आतून दटावले असते. आता दोन्ही बाडे नीट वाचून झाली आहेत, म्हणून सावकाश लिहितो.

पहिल्या बाडात सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात कांडी भरणारी, म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळणारी, पन्नाशीची अक्का आहे. तिला दमा आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि रात्रपाळीत झालेला खून तिच्याखेरीज कोणी पाहिलेला नाही. खून करणारा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, तिच्या ओळखीचा, रोज तिच्याच डब्यातली शेंगांची चटणी मागून खाणारा. दुसऱ्या बाडात अक्काच्या जागी पुण्याहून सुट्टीला आलेली, कराटे शिकलेली तिची भाची आली आहे, आणि जॉबरचा मुखवटेवाला झाला आहे. त्याला गोळी लागत नाही, धाप लागत नाही आणि त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. मधल्या तीन आठवड्यांत तुला कोणी काय सांगितले तेही तू ऐकवलेस. म्हणे अक्काला बघायला कोण येणार, आणि खुन्याची कीव आली तर भीती कशी वाटणार. तुझ्या अंगी काय गुण आहेत ते मी सांगत बसणार नाही. ते नसते तर एवढा कागद मी खर्च केला नसता. मला राग आहे तो तू इतक्या लवकर मान डोलावलीस याचा.

माझे म्हणणे एकच आहे. घाम दोघांनाही सुटला पाहिजे, पळणाऱ्यालाही आणि त्याच्या मागे लागलेल्यालाही. एकालाच घाम सुटला तर ती शिकार होते आणि कोणालाच सुटला नाही तर कवायत.

तुझ्या वयाचे असताना आम्ही चार मित्र वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणत असू आणि मिळतील ते जुने इंग्रजी भयपट, रहस्यपट पहाटेपर्यंत पाहत असू. अर्धे संवाद कळत नसत. त्यामुळे की काय, माणसांच्या हातांकडे आमचे लक्ष जास्त जाई. दिग्दर्शक हिचकॉकच्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) या चित्रपटात खुनी ब्रुनो याच्या हातून एक सिगारेट लायटर रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून खाली पडतो. दुसऱ्याला खुनात अडकवण्यासाठी त्याला तोच लायटर हवा आहे. तो जाळीतून हात घालतो, बोटे ताणतो, लायटर बोटांना लागतो आणि आणखी खाली घसरतो. तिकडे नायक टेनिसचा सामना लवकर संपवण्यासाठी जिवाच्या आकांताने खेळतो आहे, आणि कॅमेरा या घामेजलेल्या चेहऱ्यावरून त्या घामेजलेल्या चेहऱ्यावर जात राहतो. आम्ही चौघेही पुढे सरकून बसलो होतो, आणि लायटर एकदाचा बोटांत आला तेव्हा एकाच्या तोंडून "सुटला बिचारा" असे निघून गेले. खुन्याला बिचारा म्हटल्याचे लक्षात आल्यावर जी शांतता पसरली, तिला मी आजवर भीतीच म्हणत आलो आहे.

'सायको' (१९६०) तू पाहिला आहेस, पण न्हाणीघरातला खून तेवढा लक्षात ठेवला आहेस. खुनानंतरची मिनिटे पुन्हा पाहा. मोटेलचा मालक नॉर्मन बादली आणि पोछा आणून फरशी पुसतो, हात धुतो, सगळे मोटारीत भरतो आणि मोटार दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मध्येच थांबते. तो इकडेतिकडे पाहतो, आणि आपणही त्याच्याबरोबर मनातल्या मनात ती मोटार खाली ढकलतो. रॉबर्ट ब्लॉकच्या मूळ कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, लठ्ठ आणि दारू पिणारा आहे. त्याच्या जागी लाजरा, सडपातळ अँथनी पर्किन्स घेतला गेला तो उगाच नव्हे. समोरच्या बाजूला तरी कोण शूर आहे? बेपत्ता मुलीची बहीण आणि लोखंडी सामानाच्या दुकानात बसणारा त्या मुलीचा प्रियकर. (शेवटी मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळा उलगडा करतो, तो मला त्या चित्रपटातला सर्वांत कोरडा भाग वाटतो. तुझ्या दुसऱ्या बाडातली जॉबरच्या बालपणाची तीन पाने त्याच जातीची आहेत. बापाने मारले म्हणून कोणी घामाघूम होत नाही. आत्ता या क्षणी दार उघडत नाही म्हणून होतो. जर्मनीत १९३१ साली फ्रिट्झ लांगने 'एम' केला, त्यात लहान मुलांच्या खुन्याचे बालपण एकदाही दाखवलेले नाही. खांद्यावर खडूने काढलेले अक्षर आरशात दिसल्यावर खुनी झालेल्या पीटर लॉरेचे डोळे जे होतात, तेवढे लांगला पुरले.)

नायकांचेही तेच. 'रिअर विंडो' (१९५४) मधला छायाचित्रकार पाय प्लास्टरमध्ये घालून चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे. खुनी त्याच्या खोलीत शिरतो तेव्हा गर्जना करत नाही. तुला माझ्याकडून काय हवे आहे, पैसे हवेत का, माझ्याकडे पैसे नाहीत, असे विचारतो. थकलेला, वजनदार, चष्मेवाला माणूस आहे तो. आणि छायाचित्रकार काय करतो? त्याच्याकडे असते ते वापरतो, कॅमेऱ्याचे फ्लॅशबल्ब. एक बल्ब उडतो, खुनी डोळे चोळतो, चष्मा सावरतो, दोन पावले येतो, पुन्हा बल्ब. 'वेट अन्टिल डार्क' (१९६७) मधली अंध गृहिणी घरातले सगळे दिवे फोडते, म्हणजे मारेकरी तिच्याइतकाच आंधळा होईल, आणि फ्रिजमधला दिवा तेवढा विसरते. फ्रिजचे दार उघडल्यावर पडलेल्या त्या उजेडाइतके भयंकर मी फार थोडे पाहिले आहे. 'हॅलोविन' (१९७८) मधली मुले सांभाळणारी मुलगी विणकामाची सुई आणि कपाटातला कपडे अडकवायचा हँगर घेऊन झुंजते. कराटे कोणालाच येत नव्हते. रोजच्या कामाच्या वस्तू हाताशी होत्या आणि त्या हातांना घाम होता.

मुखवटा 'हॅलोविन'च्या खुन्यालाही होता, पण तो प्रकार फोफावला तो पुढे. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या १९८० सालच्या पहिल्या भागात खुनी म्हणून निघते ती मुलगा बुडाल्याने बिथरलेली एक मध्यमवयीन आई. पुढच्या भागापासून तिची जागा मुलाने घेतली, तिसऱ्यात त्याला मुखवटा मिळाला, आणि मग तो मारूनही मरेना. ज्याला मरणच नाही त्याला घाई कशाला असेल, आणि ज्याला घाई नाही त्याच्याबरोबर मी श्वास कशासाठी रोखू? आपल्याकडे १९९३ च्या 'झपाटलेला'त बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा भित्रा लक्ष्या आणि जेमतेम हातभर उंचीचा तात्या विंचू होता. आपण हसलो म्हणून त्याला भयपट म्हणत नाही, पण त्या बाहुलीच्याही भुवयांमध्ये एक मर्मस्थान ठेवलेले होते.

आता तुला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगतो. १९८६ साली मी एका चादर कारखान्यात हिशेब लिहीत होतो आणि संध्याकाळी आमच्या हौशी मंडळींसह एका स्पर्धेसाठी दोन अंकी रहस्यनाटक बसवत होतो. लेखक मी, दिग्दर्शकही मीच. माझा खुनी दिवाणजी होता. झटापटीत त्याचा चष्मा मागाखाली जातो आणि मालकाचे प्रेत शेजारी पडलेले असताना तो रांगत, फरशी चाचपडत चष्मा शोधतो. बाहेरून रखवालदाराची काठी वाजत जवळ येते. चार मिनिटांचा, एकही संवाद नसलेला प्रवेश होता. मे महिन्यात, पंखा नसलेल्या शाळेच्या वर्गात, आमचा नट तो रोज करायचा आणि त्याच्या कोपरांवरून खरोखर घाम गळायचा. एके दिवशी तालीम बघायला आलेली दोन मुले हसली. मंडळींतल्या एका जाणत्या गृहस्थाने सांगितले की खलनायक असा रांगायला लागला तर नाटक पडेल. मी तो प्रवेश कापला, दिवाणजीला काळी शाल आणि खर्जातले हसू दिले, आणि रखवालदाराचा इन्स्पेक्टर केला.

भित्रेपणाने कापला असे आमच्यातले काहीजण अजून म्हणतात. तसे नाही. मागच्या रांगांना जमिनीवरचा माणूस दिसत नव्हता, आणि लेखक म्हणून मी हट्ट धरला असता तर दिग्दर्शक म्हणून मलाच तो निस्तरावा लागला असता. ही कारणे खरी होती, निदान अर्धी तरी. नाटकाला काहीही मिळाले नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात "खलनायक प्रभावी" एवढे दोन शब्द होते. प्रयोगानंतर, तालमींना चहा आणणाऱ्या बाई हॉलच्या पायऱ्यांवर भेटल्या. प्रयोगाविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मग त्याला चष्मा सापडला का नाही शेवटी?" म्हणजे महिनाभर त्या बाई किटली घेऊन घरी जाताना त्या दिवाणजीची काळजी करत होत्या. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. त्यानंतर नाटक लिहिले नाही. बदली, मुलांची शिक्षणे, आईचे आजारपण ही कारणे होतीच; सगळे त्या चष्म्यावर ढकलण्याचा माझा विचार नाही.

तुझ्या पहिल्या बाडाचे चौदावे पान काढ. लाईट जाते आणि चोवीस मागांचा खडखडाट एका क्षणात बंद पडतो. कारखान्यात उभे राहिलेल्यालाच ही शांतता ठाऊक असते. पाळीभर ओठांच्या हालचालींवरून एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांना एकाएकी स्वतःचे श्वास ऐकू यायला लागतात. अक्काला दम्याची धाप लागते आणि त्या अंधारात तिचा पत्ता तिचीच छाती सांगते. जॉबर त्या आवाजाच्या दिशेने निघतो. मग तू लिहिले आहेस की तिचा पंप कांडी मशीनवरच्या डब्यात असतो हे त्याला माहीत आहे, कारण याआधी दोनदा त्यानेच तो तिला आणून दिला होता. त्याचा हात सवयीने डब्याकडे जातो आणि अर्ध्यावर थांबतो. एवढे लिहून, दुसऱ्या बाडात तू तिथे मुखवटा आणि व्हायोलिन घातलेस! मुली, तो थांबलेला हात मला चाळीस वर्षांत सुचला नाही. धाप चालू राहिली तर ती सापडेल आणि थांबली तर ती मरेल, आणि या दोन्हींपैकी आपल्याला नक्की काय हवे आहे हे त्यालाही कळत नाही. त्या काळोखात त्याच्याही कपाळावरून घाम ओघळतो आहे. हेच मी मघापासून सांगतो आहे आणि पुन्हा सांगेन.

दोन तक्रारी मात्र आहेत. एक, अक्का शेवटी त्याला लोखंडी सळईने मारते ती सळई आली कुठून? आयुष्यभर तिच्या हातात सूत, कांडी आणि मागात आडवे सूत नेणारा धोटा होता. कुठला माग कुठे उभा आहे आणि कुठल्या दोन मागांच्या मधून आडवा माणूस जात नाही, हे तिच्या पायांना पाठ आहे. त्यातून काढ. दुसरे, जॉबर तिच्याशी मराठीत बोलतो. त्या भागात तो घाबरल्यावर तेलुगूतच बोलेल, आणि प्रेक्षकांना शब्द कळले नाहीत तरी चालेल.

तुझ्या त्या मित्रांना काय सांगायचे ते तू ठरव. अक्काला बघायला कोण येणार, असे ज्याने विचारले त्याला एखाद्या रात्री अक्कलकोट रस्त्याकडच्या कुठल्याही कारखान्यात पाळी सुटताना उभे कर, म्हणजे येणारे सगळे त्याला एकदम दिसतील.

सोबत चार पाने जोडली आहेत. तोच चष्म्याचा प्रवेश आहे. वहीतून फाडताना कडा गेल्या आहेत आणि तिसऱ्या पानावर चहाचा डाग आहे. तुझ्या काही उपयोगाची नसतील तर रविवारी परत आण. आणि भाचीचे बाड आणू नकोस.

तुझा,
काका