आतला शेक घेतल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की उत्तर तोंडपाठ आहे. पाच आठवडे बाहेरून शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेताना कुणी विचारत नाही. 'आतला' म्हटलं की विचारतात. डॉक्टर 'ब्रॅकिथेरपी' म्हणतात आणि सगळे मान डोलावतात.

सत्तरीतल्या एका काकींचं सांगते, ओळख पटू नये इतकं बदलून. पहिला आतला शेक झाल्यापासून वेगळं ताट, वेगळा पेला, झोपणं पडवीत. गणेशचवथ तोंडावर आलेली, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची. सून म्हणाली, "आई माटोळीला हात लावणार नाही म्हणतात."

मी तोंडपाठ उत्तर दिलं. भूल देऊन गर्भाशयात नळ्या बसवतात. तारेच्या टोकाला इरिडियमचा, म्हणजे किरण सोडणाऱ्या धातूचा, तांदळाएवढा दाणा असतो. मशीन तो नळीतून आत सोडतं, काही मिनिटं ठेवतं आणि परत आपल्या पेटीत ओढून घेतं. तेवढा वेळ खोलीत एकटं राहावं लागतं, पण बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात, हाक ऐकू जाते. नळ्या काढल्या की अंगात किरण उरत नाहीत. पूर्वी दाणे दोन-तीन दिवस आतच ठेवत आणि भेटायला येणाऱ्यांना लांब बसवत. भीती बहुधा तिथून आलेली.

काकी गप्प. मी म्हटलं, "समई दुसऱ्या खोलीत नेली, तर मागे भिंतीत उजेड राहतो का?"

"उजेड राहत नाही," त्या म्हणाल्या. "काजळी राहते."

इथे घाईघाईने 'काजळीही नाही हो' म्हणणं सोपं होतं. पण माणूस आपणहून शब्द देतो, तेव्हा समजूत घालणं थांबवावं, हे मी वीस वर्षांत शिकलेय. सुनेला चहाला पाठवलं. "काजळी कुठे दिसते, काकी?"

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तिथलाच आजार. अकरा वर्षं झाली हे जाऊन. लोक काय समजतील?"

म्हणजे किरणांची भीती ही नुसती वरची साल होती. ती चारचौघांत विचारता येते, आतली लाज सांगता येत नाही. वेगळा पेला नातवासाठी नव्हताच, तो विटाळ होता.

मग खरं उत्तर दिलं. हा आजार बहुतेक वेळा ज्या विषाणूमुळे होतो, तो संसार केलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना कधी ना कधी होऊन जातो, बहुतेकांचा आपोआप जातो. एखादीच्या अंगात मुरतो आणि कर्करोग व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. काकींनी बोटांवर मोजलं. "तेव्हा हे होते," म्हणाल्या आणि रडल्या.

तुमच्या घरात कुणी आतला शेक चुकवू बघत असेल, तर आधी एकांतात विचारा, लाज कशाची वाटते. बाहेरचा आणि आतला मिळून सगळे उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरे व्हावे लागतात, लांबले तर गुण कमी येतो. पुढे काही दिवस लघवीला जळजळतं, जुलाब होतात, हे सांगायला लाजू नये.

आणखी एक गोष्ट, जी नवरा नसलेल्या बाईला सांगायची राहूनच जाते. शेकानंतर योनीमार्ग आकसू शकतो. सूज उतरल्यावर डॉक्टरांना विचारून डायलेटर, म्हणजे तो मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी, वापरावा लागतो, नाहीतर पुढची तपासणीही कठीण होते. शेवटच्या भेटीत मी काकींना तो दाखवला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"सुनेसमोर काढू नको हं हे, बाय," म्हणाल्या, आणि हसू आवरेना त्यांना.