बारा चॅनेलचा साउंड मिक्सर घेतला, पण त्यात माइक सहाच लावता येतात. उरलेले चॅनेल कशासाठी असतात?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंचं भजनी मंडळ पारोळ्याकडचं. मंडळाने यामाहाचा एमजी12एक्सयू घेतलाय. आठ माइक, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि मध्ये मध्ये मोबाइल, एवढं जोडायचंय. कॅननची (माइकच्या तीन पिनांच्या प्लगची, म्हणजे एक्सएलआरची) सॉकेटं मात्र सहाच सापडतात आणि उजवीकडच्या चॅनेलना एकेका फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) दोन-दोन जॅक. दुकानदाराने फसवलं का, असं त्यांनी विचारलंय.

नाही भाऊ, फसवलं नाही. कंपनी स्वतःच छापते की माइक जास्तीत जास्त 6 आणि लाइन (कीबोर्ड-मोबाइलसारखा माइकपेक्षा जोरदार सिग्नल) 12. या मिक्सरवर चार मोनो चॅनेल आहेत आणि चार स्टिरिओ. स्टिरिओ चॅनेल एक असला तरी मोजताना दोन धरतात, म्हणून 5/6, 7/8 असे जोडआकडे छापलेले दिसतात. त्यातल्या 5/6 आणि 7/8 ला कॅननही दिलाय, म्हणून माइक सहा. 9/10 आणि 11/12 हे निव्वळ लाइनचे. मोजायची ही रीत सगळीकडे आहे: एमजी10एक्सयूवर चारच माइक लागतात, एमजी16एक्सयूवर दहा. दुकानात ‘किती चॅनेल’ विचारलं की मोठा आकडाच ऐकायला मिळणार, ‘माइक किती’ हे विचारायचं असतं.

आता ते दोन जॅक. एकावर एल/मोनो लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर आर. एकाच वाद्याचे डावे-उजवे असे दोन आवाज एका फेडरवर किंवा नॉबवर चालवायला हा चॅनेल बनवलेला असतो. दोन्हीकडे पिन लावली तर डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे जातं. फक्त एल/मोनोमध्ये लावली तर तोच आवाज आतल्या आत दोन्हीकडे पोचतो. फक्त आरमध्ये लावली तर एकच बाजू वाजते, आणि मग माणूस स्पीकर गेला म्हणून मंडपवाल्याशी भांडत बसतो.

या जॅकमध्ये दोन माइक लावून बघायचा मोह होतो. लावू नका. लाइनच्या जॅकमागे माइकचा प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) नसतो, त्यामुळे आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि मिक्सरच्या विजेवर चालणाऱ्या कंडेन्सर माइकला तर लागणारे 48 व्होल्टही मिळत नाहीत. शिवाय दोघांना मिळून फेडर एक, ईक्यू (जाड-बारीक आवाज जमवायचे नॉब) एक. एकाचा आवाज वाढवायचा तर दुसऱ्याचाही वाढणार. मोनो चॅनेलवर जिथे पॅन असतो तिथे इथे बॅलन्स असतो. पॅन आवाज सरकवतो, बॅलन्स एक बाजू कमी करत नेतो. पूर्ण डावीकडे फिरवलात तर उजवीकडचं वाद्य गप्प.

खरा प्रश्न वेगळाच आहे: आपल्याकडच्या कार्यक्रमात स्टिरिओ हवं कुणाला? सप्ताह असो, हळद असो की कानबाईचं जागरण, मंडपाच्या दोन टोकांना स्पीकर उभे असतात आणि निम्मी माणसं एकाच स्पीकरच्या तोंडाशी बसलेली असतात. त्यांना दुसरी बाजू ऐकूच येत नाही. कीबोर्डच्या पियानोच्या आवाजात बहुतेक वेळा खालचे सूर डावीकडे आणि वरचे उजवीकडे पसरलेले असतात, म्हणजे डावीकडच्या आजीबाईंना अर्धाच कीबोर्ड. त्याहून वाईट म्हणजे बरेच मंडपवाले तुमच्या मिक्सरचं एकच डावं आउटपुट घेऊन आपल्या मशीनला जोडतात. मग उजवीकडचं सगळं गायब. म्हणून माझं सरळ मत: बाहेरचं साउंड मोनो असेल तर कीबोर्डच्या एल/मोनोमधून निघून मिक्सरच्या एल/मोनोत शिरा. एकच कॉर्ड. आरची पिन काढली की बहुतेक कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू नीट एकत्र करून देतात. रेकॉर्डिंग करायचं असेल किंवा हॉलमध्ये खरंच स्टिरिओ लावलेलं असेल, तरच दोन कॉर्ड टाका.

मोबाइलचं मात्र वेगळं, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. शिरपूरकडच्या एका हळदीत पोरांनी मोबाइलला एका टोकाला ईपी पिन (हेडफोनची छोटी पिन) आणि दुसऱ्या टोकाला तीन पट्ट्यांची स्टिरिओ पी-38 (मोठी जाड पिन) अशी कॉर्ड लावली आणि ती थेट मोनो चॅनेलमध्ये खुपसली. अहिराणी गाणं सुरू झालं, वाजंत्री वाजतेय, बाईचा आवाज मात्र कुठेतरी विहिरीतून आल्यासारखा. कुणी म्हणे गाणंच खराब डाउनलोड झालं, कुणी म्हणे कॅरिओके लागलं. चूक कॉर्डची होती. त्या पिनच्या टोकावर डावा आवाज असतो आणि मधल्या पट्टीवर उजवा. मोनो चॅनेलचं इनपुट बॅलन्स्ड असतं, ते टोकाच्या आवाजातून मधल्या पट्टीचा आवाज वजा करतं. गायिका रेकॉर्डिंगमध्ये बरोबर मध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. एका बाजूला ठेवलेली वाद्यं आणि थोडासा इको एवढंच शिल्लक राहतं.

उपाय स्वस्त आहे. एका टोकाला ईपी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-38 अशी कॉर्ड घ्या आणि दोन्ही पिना स्टिरिओ चॅनेलच्या एल आणि आरमध्ये लावा. मोबाइलसाठीच हा चॅनेल सोन्यासारखा. दोन वायरी एकत्र पिळून एकाच पिनला डाग देणारे कारागीरही भेटतात, ते टाळा. दोन आउटपुट एकमेकांना भिडतात, आवाज दबतो आणि फाटतो. मोबाइलचा व्हॉल्यूम बऱ्यापैकी वर ठेवा, नाहीतर मिक्सरवर ओढूनताणून वाढवताना खरखरही वाढते. लॅपटॉप लावून हमिंग आलं तर आधी चार्जर काढून बघा. गेलं, तर दोष अर्थिंगचा, मिक्सरचा नाही. मध्ये आयसोलेशनवाला डीआय बॉक्स (दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं ठेवणारी डबी) टाका.

एक ऑक्टोपॅडबद्दल. स्टिरिओ चॅनेलऐवजी दोन मोनो चॅनेल मोकळे मिळाले, तर ऑक्टोपॅडची दोन्ही आउटपुटं त्या दोघांत घ्या. वाजवणाऱ्याला ढोलकीचे पॅड पूर्ण डावीकडे आणि झांज-टाळी पूर्ण उजवीकडे पॅन करायला सांगा, मिक्सरवर मात्र दोन्ही चॅनेलचे पॅन मध्येच ठेवा. आता ढोलकी वेगळ्या फेडरवर आणि टाळी वेगळ्या. एकाच ऑक्टोपॅडमधून दोन वादक मिळाल्यासारखं होतं, भो! बघा करून.

आता तुमचे आठ माइक. मंडळाकडे जुना चार माइकचा छोटा मिक्सर पडलेला असेलच. नसेल तर मागून आणा. मुख्य गायक, पेटी, मृदंग आणि चकवा नावाचं वाद्य, हे मोठ्या मिक्सरच्या 1 ते 4 वर. कोरसचे चार माइक छोट्या मिक्सरवर लावा, त्यांचे गेन (माइकचा सिग्नल किती उचलायचा ते) आणि आपसातला तोल तिथेच जमवा आणि त्याचं डावं-उजवं आउटपुट मोठ्याच्या 9/10 मध्ये आणा. कोरस आता एकाच फेडरवर चढतो-उतरतो. छोट्यावरचे चारही पॅन मध्ये ठेवा, म्हणजे मंडपवाल्याने एकच बाजू घेतली तरी कुणी गळणार नाही. 5/6 वर कीबोर्ड, 7/8 वर ऑक्टोपॅड, दोन्ही एल/मोनोत. त्या चॅनेलचा कॅनन मोकळा दिसला तरी त्यात माइक घालू नका. 11/12 वर मोबाइल; तिथे पी-38 ऐवजी आरसीएची (लाल-पांढरी) सॉकेटं दिसली तर कॉर्डच्या त्या टोकाला दोन आरसीए पिना घ्या.

तोटा एकच. मोठ्या मिक्सरच्या ऑक्समधून (वेगळ्या जादा आउटपुटमधून) गायकांना मॉनिटर (त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) देता, तेव्हा कोरस त्यांना एकगठ्ठा मिळेल, त्यातला एकच आवाज वर-खाली करता येणार नाही. भजनात ते खपतं. आणि छोट्या मिक्सरवर इको असेल तर तो बंदच ठेवा, इको मोठ्यावरूनच द्या. दोन्हीकडून दिलात तर अभंगाचे शब्द कुणाला कळायचे नाहीत.