मन्रोव्हियाला निघण्यापूर्वी

प्रिय सिस्टर,

लायबेरियातील सेवेसाठी तुझी नेमणूक झाल्याचे कळले. शोकात असलेल्या कुटुंबांना धीर कसा द्यावा, असे तू विचारले आहेस. आपल्या माणसासाठी त्यांचे काय करायचे राहून गेले, याची आधी चौकशी कर; सांत्वनाचे शब्द त्यानंतर.

२०१४ साली तेथे इबोला पसरला तेव्हा मृतदेहाला हात लावल्याने संसर्ग होत असल्यामुळे त्याला आंघोळ घालण्याची रीत बंद करावी लागली, आणि ऑगस्टमध्ये तर सरकारने राजधानी मन्रोव्हियात दहन सक्तीचे केले. पिढ्यान्‌पिढ्या दफन करत आलेल्या लोकांना हे इतके असह्य झाले, की काहींनी आजारी माणसे घरातच लपवली आणि प्रेते गुपचूप पुरली. डिसेंबरात शहराबाहेर डिस्को हिल येथे दफनभूमी सुरू झाली. कुटुंबाला अंतर राखून उभे राहता येऊ लागले, प्रार्थनाही होऊ लागली. दरम्यान ज्यांचे दहन झाले, त्यांच्या घरच्यांना मात्र कबर उरली नाही.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी तेथे डेकोरेशन डे असतो. आपण वसईत २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, तसे ते लोक त्या दिवशी गवत काढतात, कबरी घासून धुतात, त्यांना पांढरा रंग देतात. सगळी वस्ती बादल्या आणि ब्रश घेऊन निघते तेव्हा कबर नसलेले घर चटकन ओळखू येते. तेथे जा, गेलेल्या माणसाचे नाव विचार, ते मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, घेतले तर चालेल का हेही विचार. घर मुसलमानाचे असेल तर इमामांना निरोप धाडणे हेही तुझेच काम समज. भाताचे ताट पुढे आले तर नाही म्हणू नकोस. देणगीदारांसाठी फोटो मात्र अजिबात काढू नकोस.

‘देवाची इच्छा’ हे शब्द टाळ. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सारे ठीक होते. त्यांनी तोंड उघडले आणि बिघडले. (आपल्यातले बरेच प्रवचनकार हा भाग घाईने उरकतात.) शिवाय तेथील धर्मशिक्षकांना आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणाच्या घरी केव्हा जावे, हे तुझ्यामाझ्यापेक्षा नेमके ठाऊक असते, पहिले काही महिने त्यांच्या मागून चाल.

फेब्रुवारीअखेर पोहोचलीस तर त्या बुधवारच्या आठवड्यात दवाखान्याची पाळी घेऊ नकोस.

प्रभूमध्ये तुझी,
एक ज्येष्ठ भगिनी