पिरान्हाच्या टाकीतलं पाणी दुधाळ का होतं?

प्रश्न : तीन फुटी टाकीत (३६ × १५ × १८ इंच) लाल पोटाचे चार पिरान्हा आहेत, साधारण तीन-तीन इंचांचे. रोज चिकनचे तुकडे घालतो. दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली चकचकीत धुतो, तरी मंगळवारपर्यंत पाणी दुधाळ होतं. एकाची शेपटी कुरतडलेली दिसते. औषध कोणतं घालू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : औषध राहू द्या, आधी स्पंज नळाखाली धुणं थांबवा. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या अन्नातून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात, अमोनिया साचतो आणि पाण्यात भलत्याच जिवाणूंची वाढ होते. तोच तो दुधाळपणा. यापुढे टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोनदा पिळा, तोही महिन्यातून एकदा. मळकट दिसला तरी चालेल.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नवीन पाण्यात आधी अँटीक्लोरीन टाका. सध्या मात्र टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, माशांना विषारी असलेलं रसायन) रोज मोजा. दोन्ही शून्य हवेत. थोडे जरी दिसले तर त्याच दिवशी पाणी बदला आणि खाणं बंद ठेवा. दोन दिवस उपाशी राहून पिरान्हाला काही होत नाही.

चिकन बंद. त्यातली चरबी माशाला नीट पचत नाही, वर पाण्यावर तवंग धरते. तिलापियाचे काटे काढलेले तुकडे, सालासकट कोळंबी आणि मांसाहारी माशांसाठीच्या गोळ्या आलटून पालटून द्या. बांगडा, तारली तेलकट, त्या टाळा. या वयात दिवसातून एकदा, सहा इंचांनंतर एक दिवसाआड. पाच मिनिटांत संपेल तेवढंच घाला, उरलेलं लगेच काढा. जिवंत गोल्डफिश सोडायची हौस अनेकांना असते. त्यातून रोग येतात आणि नेहमी तेच खाल्लं तर ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं.

शेपटी भुकेपोटी, दाटीमुळे किंवा लहानमोठे मासे एकत्र असले की कुरतडली जाते. पाणी स्वच्छ असेल तर पर पुन्हा फुटतात. जखमेवर कापसासारखी बुरशी दिसली, तरच लिटरला १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून घाला. जखमी मासा दुसरीकडे हलवू नका, त्याच टाकीत भोकाभोकांची ॲक्रिलिक जाळी उभी करून वेगळा ठेवा.

खरी अडचण पुढे आहे. तुमच्या टाकीत जेमतेम १६० लिटर पाणी मावतं आणि हे मासे दहा इंचांचे होतात. चौघांना ६ × २ × २ फुटांची टाकी लागेल. नुसतं पाणीच पावणेसातशे किलो, तेव्हा जमीन आणि स्टँड आधी तपासा. तापमान २५ ते २८ अंश, उजेड मंद, लपायला लाकडाचे ओंडके. नावाचा दरारा कितीही असो, काचेवर टकटक केली की हा मासा घाबरून कोपऱ्यात धडकतो. हीटरला जाळीचं आवरण घाला, वायर चावतात. मासा हलवताना बारीक जाळी फाडतो, म्हणून डबा वापरा.

प्रश्न : पिरान्हा सांगून रूपचंद (त्याच्यासारखा दिसणारा पाकू मासा) विकतात म्हणे. ओळखायचा कसा?

उत्तर : विकतात. रूपचंदच्या पिल्लाचंही पोट लाल असतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, तोंड बघा. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दात त्रिकोणी, करवतीसारखे. रूपचंदचे दात चपटे, आपल्या दाढांसारखे. दात दिसत नसतील तर भिजवलेला वाटाणा टाकून पाहा. रूपचंद आवडीने फस्त करतो, पिरान्हा सहसा तोंडही लावत नाही.